आधी भिंती बघ, पाटी नंतर

पत्र

ताई, यंदा बारावी झाली. चित्रकला शिकायची, हे घरच्यांच्या गळी उतरवण्यातच दोन वर्षं गेली. आता प्रश्न कॉलेजचा. एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात मला इलस्ट्रेशनला प्रवेश मिळालाय. इमारत भव्य आहे. तिथून शिकून मोठे झालेल्यांची नावं दालनात लावली आहेत, बाबा ती वाचतच उभे राहिले. प्रवेश पक्का करायला तीन आठवडे आहेत. दुसरं कॉलेज लहान आहे, फारसं कुणाला माहीत नाही. तिथे पेंटिंग आणि प्रिंटमेकिंग (ठसे घेऊन चित्रं छापणं) शिकवतात, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी मला पोर्टफोलिओ घेऊन मुलाखतीला बोलावलंय. मी चौकशीला गेले तेव्हा एक मुलगी शाईने बरबटलेल्या हातांनी प्रेस पुसत होती. तिने हातातलं काम ठेवून अर्धा तास मला सगळं दाखवलं, एक ठसा माझ्याकडून काढूनही घेतला. बाबा म्हणतात, नाव असलेलं कॉलेज हातचं सोडायचं नसतं. आई म्हणते, इलस्ट्रेशनमध्ये निदान पोटापाण्याचं तरी होईल. मला काय हवंय ते रोज बदलतं. आणखी एक विचारायचंय. पोर्टफोलिओत आजोबांच्या हातांची पेन्सिलची रेखाटनं ठेवू का? ती वहीच्या रेघी पानांवर आहेत आणि एकावर औषधाचा डाग पडलाय. मैत्रीण म्हणते, चांगल्या कागदावर पुन्हा काढ.

– रेघ

उत्तर

प्रिय रेघ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्याची ती खोड आहे. पहिल्या कॉलेजबद्दल तू लिहिलंस ते इमारतीचं आणि नावांचं. दुसऱ्याबद्दल लिहिलंस ती प्रेस, ती मुलगी, शाई आणि तू स्वतः काढलेला ठसा. एवढ्यावरून मी दुसऱ्या कॉलेजला कौल देणार नाही. एखादी मनमिळाऊ मुलगी कुठेही भेटू शकते आणि तिच्या शेजारच्या वर्गात वर्षभर शिक्षकच नसू शकतो. पण पहिल्या कॉलेजच्या तू अजून आत गेलेलीच नाहीस, एवढं मात्र तुझ्याच पत्रावरून दिसतं. तू दालनापर्यंत गेलीस आणि बाबांचं वाचून होईपर्यंत थांबलीस.

बाबांची बाजू आधी घेते, कारण ती कच्ची नाही. नावाजलेल्या कॉलेजात चांगल्या हाताची मुलं जास्त येतात. ग्रंथालय भरलेलं असतं. बाहेरचे चित्रकार तिथे बोलायला यायला आढेवेढे घेत नाहीत. पुढे कुठे अर्ज केलास तर नाव वाचून समोरचा माणूस निदान पुढचं पान उलटतो. यातलं काहीही मी नाकारत नाही. फक्त दालनातली ती यादी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गांची असते. त्या मुलांना ज्यांनी शिकवलं ते केव्हाच निवृत्त झालेले असतात. आणि नाकारलेल्यांची यादी कुठलंही कॉलेज लावत नाही. पॅरिसच्या एकोल दे बोझारने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मानाच्या कलाशाळेने, शिल्पकार ओग्यूस्त रोदँला एकदा नव्हे, तीनदा परत पाठवलं होतं. बाबांना हे सांग, पण भांडणात नको, जेवताना सांग.

मग बघायचं काय? माझी मुख्य कसोटी एकच आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं जिथे लावली असतील तिथे जा. एकेक चित्र चांगलं आहे की वाईट, हे ठरवत बसू नकोस. ती चित्रं एकमेकांपासून किती वेगळी आहेत तेवढं बघ.

हे मी का सांगते ते ऐक. मी पहिल्या वर्षाला असताना आम्हाला शिकवणारे एक सर वर्गात मागून फिरायचे. चपलांचा आवाज थांबला की समजायचं, आपल्या पाठीशी येऊन उभे आहेत. मग खांद्यावरून एक हात पुढे यायचा, त्यात त्यांचा स्वतःचा कोळसा असायचा, आणि तासभर झगडून काढलेल्या आपल्या नाकावर ते दोन रेघा ओढायचे. नाक लगेच बसायचं. इतकं सुंदर बसायचं की आम्ही धन्य व्हायचो. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन लागलं. आई बघायला आली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली आणि म्हणाली, “यातलं तुझं कुठलं गं?” मी बोट दाखवलं. जवळ जाऊन खालची चिठ्ठी वाचली, तर ते चित्र दुसऱ्याच मुलीचं. अठ्ठावीस चेहरे टांगले होते आणि नाक सगळ्यांना तेच. ते सर वाईट नव्हते, हात अप्रतिम होता त्यांचा. पण वर्षभर चित्र काढत होते ते, आम्ही नुसते स्टुलावर बसून होतो.

ज्यांना खरंच शिकवता आलं अशा शिक्षकांचे विद्यार्थी बघ. चित्रकार गुस्ताव मोरो १८९२ पासून त्याच एकोल दे बोझारमध्ये शिकवत होते. स्वतः ते पुराणकथांची, दागिन्यांसारखी घडवलेली चित्रं काढत. त्यांच्या वर्गातून बाहेर पडले मातीस आणि रुओ. एकाचा रंग मोकळा, उजळ, दुसऱ्याची जाड काळी रेघ, आणि दोघांपैकी कुणाचंच चित्र मोरोंचं म्हणून खपलं नसतं. शांतिनिकेतनात कलाभवनाची धुरा नंदलाल बोस यांच्याकडे होती. रेषेवर त्यांचं कमालीचं प्रभुत्व. तिथेच शिकलेल्या रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि खडी वापरून उघड्या जागेत संथाळ कुटुंबाचं शिल्प उभं केलं. बिनोदबिहारी मुखर्जी त्याच छायेत वाढले, आणि त्यांची भित्तिचित्रं या दोघांपेक्षाही निराळी. चित्रकार योझेफ अल्बर्स यांचं उदाहरण तर मला फारच आवडतं. हा माणूस पंचवीसेक वर्षं चौकोनात चौकोन रंगवत बसला, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात त्याच्यासमोर बसलेल्या रॉबर्ट राउशेनबर्गने पुढे पेंढा भरलेल्या बोकडाच्या कमरेत मोटारीचा टायर अडकवून कलाकृती केली. त्याच कॉलेजातली रूथ असावा तारेच्या विणीतून हवेत तरंगणारे आकार करायला लागली. अल्बर्स कडक शिक्षक होते, मुलांना मोकळं सोडून देणारे अजिबात नव्हते. तरी नाकं निरनिराळी राहिली.

भिंती बघताना एक चूक मात्र करू नकोस. पहिल्या वर्षाच्या मुलांची कामं सगळीकडे सारखीच दिसतात. सगळ्यांसमोर तोच माठ, तेच फडकं, तीच बाटली असते, त्याला इलाज नाही. पहिलं वर्ष डोळा आणि हात तयार करण्याचं असतं, आणि ते तसंच कंटाळवाणं असावं असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत कुठल्याही कार्यशाळेत शिरण्याआधी सगळ्यांना एक प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. आज जगभरच्या कॉलेजांत फाउंडेशन म्हणून जे काही असतं, त्यातलं बरंचसं तिथून आलंय. तिथे पुढे हा अभ्यासक्रम अल्बर्सकडे आला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन ते वर्गात यायचे आणि सांगायचे, या कागदाचं काहीतरी करा, पण कागदाला काय जमतं ते ओळखून. मुलं किल्ले करत, विमानं करत. अल्बर्सना आवडला तो नुसती उभी घडी घालून उभा केलेला कागद. नरम, लोळणारं वर्तमानपत्र एका घडीने ताठ उभं राहतं, हे त्या मुलाच्या लक्षात आलं होतं. तेव्हा ज्या कॉलेजात जाशील तिथे पहिल्या वर्षाला काय करून घेतात आणि कोण करून घेतं, हे विचार. काही ठिकाणी माहितीपत्रकात झळकणारे नामवंत फक्त शेवटच्या वर्षाला महिन्यातून एकदा येतात, आणि पहिलं वर्ष ज्याला कुठेच जागा मिळाली नाही अशा माणसाच्या गळ्यात पडतं. त्याउलट, जिथे सर्वांत जाणता शिक्षक हट्टाने पहिलं वर्ष स्वतःकडे ठेवतो, ते कॉलेज निम्मी लढाई जिंकलेलं असतं.

आता जायचं कधी? स्वागत समारंभ, खुला दिवस, वार्षिक प्रदर्शनाचं उद्घाटन असलं काही असेल त्या दिवशी अजिबात जाऊ नकोस. त्या दिवशी फरशीसुद्धा पाहुण्यांसाठी पुसलेली असते. कुठल्याही साध्या दिवशी, दुपारी, शिकवणं संपल्यानंतर जा. त्या वेळी स्टुडिओत कुणी आहे का? चांगल्या कॉलेजात वर्ग सुटला तरी मुलं सुटत नाहीत. कुणी इझलसमोर असतं, कुणी जमिनीवर कागद पसरून, कुणी कोपऱ्यात चक्क झोपलेलं. कुलूप दिसलं तर विचार, की हे उघडतं कधी, किल्ली कुणाकडे असते, सुट्टीच्या दिवशी काम करता येतं का? तासापुरताच उघडणारा स्टुडिओ म्हणजे नुसती वर्गखोली. चित्र तासात होत नाही, हे तुला एव्हाना कळलं असेलच.

तिथे गेल्यावर बेसिनकडे बघ, केराच्या डब्याकडे बघ. हसू नकोस. जवसाच्या तेलाने माखलेले बोळे उघड्यावर गोळा करून टाकले की तेल हवेशी मिळून तापत जातं आणि ते बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. त्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा लागतो. तो डबा आहे आणि त्याला झाकणही आहे, याचा अर्थ कुणीतरी या खोलीचा विचार करतंय. एचिंगच्या खोलीत, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरतात तिथे, आम्लाची वाफ बाहेर खेचणारा पंखा चालू आहे का, की नुसता भिंतीत बसवलाय? सिरॅमिक्सच्या खोलीत कोरडा झाडू दिसला तर मी तिथूनच परत फिरेन. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, झाडली की ती हवेत उडते आणि वर्षानुवर्षं फुप्फुसात साचते. ती जागा ओल्या फडक्यानेच पुसायची असते. चार वर्षं तू हीच हवा आत घेणार आहेस. भव्य इमारतीत हे सगळं नीट असेल आणि लहान कॉलेजात नसेल, असंही निघू शकतं. तसं निघालं तर माझा कल तेवढ्यापुरता बाबांकडे झुकेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दालनात दिसत नाही, ती मागून घ्यावी लागते. क्रिट चालू असताना मागे बसू द्याल का, असं विचार. मुलं आपलं काम भिंतीला लावतात आणि शिक्षक आणि बाकीची मुलं त्यावर बोलतात, ते हे. सगळं शिक्षण इथे उघडं पडतं. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. एका प्रकारात शिक्षक बोलतो आणि बाकीचे माना डोलवतात. “छान आहे, थोडं अजून काम कर” असं म्हणून तो पुढच्या चित्राकडे सरकतो. त्या वाक्यातून कुणाला काय करायचं कळलं? पंधरा मुलं, पंधरा वेळा तेच वाक्य. यातच काही ठिकाणी एखाद्या मुलाला रडवण्याची प्रथा असते, आणि वरून सांगतात की आम्हीही असेच घडलो. घडले असतील. माझ्या पाहण्यात अशा वर्गातली मुलं चित्रापेक्षा सरांच्या भुवयांकडे जास्त बघतात.

दुसऱ्या प्रकारात बराच वेळ कुणीच बोलत नाही. सगळे बघतात. मग एखादी मुलगी म्हणते, माझी नजर सारखी त्या खिडकीकडे जातेय, माणसाकडे जातच नाही. चित्रकर्ती म्हणते, मला तर माणूस महत्त्वाचा होता. मग शिक्षक विचारतो, खिडकीत असं काय आहे? कुणीतरी ओळखतं, की अख्ख्या चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद रंग एकमेकांना लागून फक्त तिथेच आलेत. शिक्षक हातात कोळसा घेत नाही. तो म्हणतो, मग आता काय करशील? एवढ्या संभाषणात वीस मिनिटं गेलेली असतात आणि एकाच चित्रावर बोलणं झालेलं असतं, पण खोलीतली सगळी मुलं आपापल्या चित्रातली खिडकी शोधायला लागलेली असतात. असं काही तुला दिसलं तर पाटीवर काय लिहिलंय ते नंतर वाच. आणि बाहेरच्यांना क्रिट बघू देत नाही असं उत्तर मिळालं, तर त्यात फार काही शोधू नकोस, तसा नियम असू शकतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, की शेवटच्या क्रिटमध्ये तुझ्या चित्राबद्दल कोण काय म्हणालं? शब्दन् शब्द आठवत असेल तर उत्तम. “काही नाही, बरं म्हणाले” असं उत्तर आलं तर तेही उत्तरच.

मुलांशी बोलशीलच, तर कोण कोण मध्येच सोडून गेलं आणि का, हेही विचार. हा प्रश्न कार्यालयात विचारून उपयोग नाही.

सोबतच्या मुलांबद्दल थोडं. माझा अनुभव असा, की निम्मं शिक्षण शेजारच्या इझलवरून होतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये गोदी भागातली एक रिकामी इमारत मिळवली आणि स्वतःच ‘फ्रीझ’ नावाचं प्रदर्शन भरवलं. पुढाकार घेणारा डेमियन हर्स्ट तेव्हा अजून शिकत होता. त्यांच्या कामाबद्दल माझी मतं सगळीच चांगली नाहीत, पण त्या मुलांनी कॉलेजच्या भिंतीची वाट पाहिली नाही, हे मला आवडतं. तू जाशील तिथली मुलं आपण होऊन काही करतात का? जिन्यात चिकटवलेली वेडीवाकडी पत्रकं, एकमेकांनी काढलेली एकमेकांची व्यक्तिचित्रं, स्वतः छापून शिवलेली छोटी मासिकं, असलं काही दिसतं का बघ. तुझ्या त्या प्रेसवाल्या मुलीला त्या अर्ध्या तासाचे गुण कुणीही देणार नव्हतं. एकच मुलगी तशी आहे की सगळे तसे आहेत, हे दुसऱ्या भेटीत कळेल.

आता आईचा मुद्दा. इलस्ट्रेशनमध्ये काम मिळतं हे खरं. पुस्तकं, खेळ, ॲनिमेशन, जाहिरात, सगळीकडे चित्र काढणारे लागतात. पण पदवीवर काय लिहिलंय ते बघून कुणी काम देत नाही, पोर्टफोलिओ बघून देतात. पेंटिंग शिकलेली मुलं पुस्तकांची चित्रं करतात आणि इलस्ट्रेशन शिकलेली मुलं प्रदर्शनं भरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून विषयाचं नाव बघण्यापेक्षा विचार, की दुसऱ्या वर्षी विषय बदलता येतो का, इलस्ट्रेशनच्या मुलीला प्रिंटमेकिंगच्या प्रेसवर हात टाकू देतात का. काही कॉलेजांत विभागांमधल्या भिंती इतक्या जाड असतात की शेजारच्या खोलीतला रोलर मागायला अर्ज द्यावा लागतो. ॲनी अल्बर्स (वर आलेल्या योझेफची बायको) १९२२ मध्ये बाउहाउसमध्ये शिरली ती काचकामाची इच्छा धरून. पण तिथे बायकांना बहुतेक विणकामाकडेच वळवत, तशी तीही नाइलाजाने विणकामाच्या खोलीत गेली. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एकल प्रदर्शन भरवलं, विणकाम करणाऱ्या कलाकाराचं तिथलं ते पहिलंच. तिला वळवलं ते बरंच झालं, असा याचा अर्थ काढू नकोस. ती ग्रेट होती म्हणून निभावलं. पण सतराव्या वर्षी आपल्याला काय आवडतं हे आपल्याला पुरतं माहीत नसतं. तुझं मन रोज बदलतंय ते काही बिघडल्याचं लक्षण नाही, मात्र त्या बदलाला जागा देणारं कॉलेज तुला लागेल.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे तो विषय घरात कुणीतरी अंगावर घेतलाय. तरी बाबांसोबत बसून एकदा हिशेब कर. फीचा आकडा सगळे बघतात. रंग, कागद, कॅनव्हास, प्लेटा, छपाई आणि राहणं यांचा बघत नाहीत. पहिल्या वर्षाला लागणाऱ्या साहित्याची यादी दोन्हीकडून मागून घे. कर्ज काढावं लागणार असेल, तर शिकून झाल्यावर पहिली काही वर्षं कलाकाराची मिळकत कमी आणि अनियमित असते असं धरून चाला. दोन्ही कॉलेजं जवळपास सारखी वाटली, तर ज्यात कर्ज कमी ते घ्यावं, यात मी कुणाचं ऐकणार नाही. आणि लहान कॉलेजच्या पदवीला मान्यता आहे ना, ती पुढे शिकायला चालते ना, हे लेखी बघून घ्या. ही बाबांची जबाबदारी, त्यांना कामाला लावा.

तेव्हा क्रम असा ठेव. या आठवड्यात पहिल्या कॉलेजात पुन्हा जा, एकटी जा, दालनात न थांबता सरळ वर स्टुडिओत. वही बरोबर ने आणि तासभर तिथे बसून काढ, कुणी हटकलं तर सांग की मी इथे येणार आहे बहुधा. तासभर बसल्यावर तुला उठावंसं वाटतं की आणखी एक पान काढावंसं वाटतं, याची मनात नोंद कर. मग दुसऱ्या कॉलेजची मुलाखत दे. प्रवेश पक्का करायला तीन आठवडे आहेत, मुलाखत दोन आठवड्यांनी आहे, म्हणजे तुझ्याकडे मध्ये एक आठवडा उरतो. मुलाखतीतच विचार की निकाल कधी कळेल. सात दिवसांत कळणार नसेल तर पहिल्या कॉलेजला मुदतवाढ मागून बघ. मागायला लाजू नकोस, अशी विनंती करणारी तू पहिली नसशील. मुलाखतीला जाताना लक्षात ठेव, की तेही तुझ्यापुढे परीक्षेला बसलेले असतात. तुझ्या चित्रांबद्दल ते काय विचारतात ते ऐक. फक्त टक्के आणि बक्षिसं विचारली, तर तो एक प्रकार. हे असंच का काढलंस, इथे कागद कोरा का ठेवलास, असं विचारलं तर दुसरा.

तुला माझा कौल हवाच असेल, तर आज, या एका पत्रावरून, मी लहान कॉलेजकडे झुकलेली आहे. पण पहिल्याच्या स्टुडिओत तुझा तासाचा दीड तास झाला, तर हा कौल खुशाल मोडीत काढ.

आता आजोबांचे हात. ते पुन्हा काढू नकोस. स्वच्छ कागदावर तू त्या रेखाटनाची नक्कल काढशील, हात नाही. ती पानं वहीतून काळजीपूर्वक सोडव, फाटणार असतील तर वहीच घेऊन जा. डाग पुसू नकोस, रेघा दिसू देत. पोर्टफोलिओ बघणारे लोक दिवसभर फोटोवरून काढलेले नट-नट्यांचे चेहरे आणि कार्टूनमधले मोठ्या डोळ्यांचे नायक बघून थकलेले असतात. समोर बसलेल्या माणसाचा, कदाचित मध्येच हलणारा, सुरकुतलेला हात बघून काढलेली चार पानं त्यांच्यासमोर आली तर ते खुर्चीत पुढे सरकतात; मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते. कॉलेजने चित्रांची संख्या आणि आकार सांगितला असेल तर तो काटेकोर पाळ. भरीला म्हणून कमी आवडणारी चित्रं घालू नकोस, आणि बिघडलेली, अर्धवट सोडलेली एक-दोन जरूर ठेव, म्हणजे बोलायला काही राहील. हातांची पानं मधे कुठेतरी दडवू नकोस, सुरुवातीला ठेव. काढली त्या क्रमानेच ठेव. पहिल्या पानावर बोटं चुकली असतील तर चुकलेलीच राहू देत, चौथ्या पानापर्यंत ती कशी सुधारत गेली ते त्यांना दिसायला हवं.

औषधाचा डाग कशाचा, असं त्यांनी विचारलं तर सांगून टाक.

– तुझी ताई